कुपातली राखण

सत्यभामा गेली तेव्हा बाबुलाल शहारे रडला नाही, ही गोष्ट गावात पुष्कळ दिवस बोलली गेली. सानगडीच्या पलीकडं जंगलाला लागून असलेलं त्याचं गाव लहान. तिथं कोण किती रडलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. होळी होऊन गेली होती. सत्यभामा अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. "डोकं दुखून राहिलं वो," असं म्हणाली आणि बसल्या जागी कलंडली. डोक्यातली नस फुटली होती. आधी साकोलीचा दवाखाना, तिथून भंडाऱ्याचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं प्रेत घेऊन गाडी परत गावात. माणसं जमली, बुद्धवंदना झाली. लेक मनाली कारध्याहून आली ती दारातच कोसळली. बाबुलाल भिंतीला टेकून उभा होता. कोणी पाणी दिलं की प्यायचा, कोणी बस म्हटलं की बसायचा.

त्याचं आयुष्य कुपात गेलं होतं. कूप म्हणजे जंगल खात्यानं तोडायला आखून दिलेला रानाचा तुकडा. एका वर्षी हा, पुढच्या वर्षी तो. बाबुलालनं आधी कुऱ्हाड चालवली, मग दोन माणसांचा आरा ओढला, आणि उतारवयात पेट्रोलवरची करवत शिकला. झाड आडवं झालं की खोडाचे लठ्ठे ट्रकमधून जायचे. मागं उरलेल्या फांद्या आणि डहाळ्या गावच्या बाया सरपणाला न्यायच्या. त्या बायांत सत्यभामा असायची आणि तिच्यासोबत शेजारची चंद्रभागाबाई. सत्यभामा दुपारी शिदोरी घेऊन यायची, तो जेवेपर्यंत मोळी बांधायची, आणि डोक्यावर चढवून द्यायला त्याला बोलवायची. नवराबायकोचं बरंचसं बोलणं असं कुपातच झालेलं.

ती गेल्यावर त्यानं करवत टांगून ठेवली. हातपाय धड होते, पण सकाळी उठून कामावर जायचं ते कशासाठी, हे काही केल्या आठवेना. त्याला स्वतःचंच नवल वाटे. मांडी घालून बसता बसता पाय मेल्यासारखा होतो आणि आपण तो चिमटून पाहतो, तसा तो कधी कधी मुद्दाम ट्रंक उघडून तिच्या साड्या बाहेर काढी. साड्या साड्याच दिसत. तो पुन्हा घडी घालून ठेवी. मनाली फोन करून म्हणे, "बाबा, तुमी इकडं या, एकटे काहून राहता?" तो म्हणे, "येईन." आणि जात नसे.

पुढच्या थंडीत गावाजवळचंच एक कूप तुटलं. बाबुलाल त्या कटाईला गेला नाही. कटाई संपली तशी नागपूरच्या एका संस्थेतून रिता नावाची एक तरुण मुलगी आली. तिनं तुटलेल्या कुपात खुंट्या मारून, निळी दोरी बांधून चौकोन आखून घेतले. काही चौकोनांत फांद्या, डहाळ्या, पाला पडला होता तसाच ठेवला. काहींत सगळं उचलून, खराट्यानं झाडून जमीन अंगणासारखी मोकळी केली. त्या चौकोनांवर लक्ष ठेवायला तिला गावातला माणूस हवा होता. बीटचा वनरक्षक योगेंद्र तिला बाबुलालच्या ओट्यापर्यंत घेऊन आला.

"हा दिवसभर बसूनच राह्यते, मॅडम," तो म्हणाला. "घरी बसला काय आन् कुपात बसला काय."

रितानं बाबुलालला कुपात नेऊन सगळं दाखवलं. "काका, दोरीच्या आतली एक काडीही हलायला नको. कोणी आलं तर सांगायचं, हे मातीसाठी ठेवलंय."

"मातीसाठी?"

"हो."

बाबुलालनं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो एका सागाच्या खुंटावर जाऊन बसू लागला.

रिता दर थोड्या दिवसांनी यायची. लांब दांड्याचं गिरमिट आणि पोलादी नळी जमिनीत घुसवून मातीची कांडी बाहेर काढायची. कांडीत वर बोटभर काळी माती, मग तपकिरी, खाली लालसर मुरमाड. तिन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ती न्यायची. नळी ठोकायला बाबुलाल मदत करी. एकदा त्यानं विचारलं, खरं तर विचारायचं म्हणूनच, "ह्या मातीत पाहता काय?"

"कर्ब आणि नत्र," रिता म्हणाली आणि कपाळावरचा घाम पुसत खाली बसली. "पाला, मुळं कुजून मातीत जे उरतं त्यात कर्ब असतो. त्यानं माती भुसभुशीत राहते, ओल धरते. आणि नत्र म्हणजे काका, तुम्ही धानाला युरिया घालता ना, त्यातलं. जंगलाला युरिया कोण घालणार? त्याचा पालाच त्याला पुरतो. खोडात नत्र फार कमी असतं. पानांत आणि बारीक डहाळ्यांत जास्त. नुसती खोडं नेली तर माती सोसते. पण मागचंही सगळं उचललं तर तिला खायला काय राहणार? किती जातं आणि ते भरून यायला किती वर्षं लागतात, ते मोजायचंय."

"मागचं म्हणजे... बाया नेतात ते?"

रिता जरा अडखळली. "बाया डोक्यावरून नेऊन किती नेणार, काका," ती म्हणाली. मग खोटं बोलल्यासारखं वाटलं असावं, म्हणून हळू आवाजात म्हणाली, "पण हो. तेच."

बाबुलाल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राहिला. सत्यभामानं जन्मभर कुपाकुपातून मोळ्या वाहिल्या होत्या. त्या मोळ्यांवर मनालीच्या न्हाणीचं पाणी तापलं, धान उकडलं, भात शिजला. आता ही शिकलेली मुलगी सांगत होती की तो जंगलाच्या तोंडचा घास होता. बाबुलालला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. त्यानं वाट पाहिली. काही आलं नाही. त्यानं खर्रा तोंडात टाकला आणि पुढची नळी ठोकायला उठला.

नाल्याच्या पलीकडं दुसरं जंगल होतं. ते तुटलं तेव्हा बाबुलाल नवा नवरा होता. त्यानंच तिथं आरा ओढला होता. आता जुन्या खुंटांच्या फुटव्यांची झाडं झाली होती. वर पाहिलं तर पानांचं छत. रिता तिथलीही माती काढायची, आणि त्याच्याही पुढं टेकडीवर कधीच न तुटलेलं रान होतं, तिथलीही. नाल्यापलीकडच्या मातीची कांडी हातात धरून ती एकदा म्हणाली, "झाडं पहा किती मोठी झालीत. पण हा वरचा काळा थर अजून टेकडीवरच्या इतका भरलेला नाही. पहिल्यांदा तोच जातो, आणि यायला सर्वांत जास्त वेळ लावतो. खालच्या मातीला मात्र फारसं काही झालेलं दिसत नाही."

पाऊस लागला. तुटलेल्या कुपात कधी नव्हे असं गवत माजलं, नुसतं हिरवं नव्हे, काळपट हिरवं. तरोट्याचं तण कमरेएवढं झालं. बाबुलाल डोक्यावर पोतं घेऊन येई आणि बसे. रिता रेनकोट घालून नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून नेई.

"नत्र सुटलंय, आणि धरायला मुळं नाहीत," ती म्हणाली. "थोडं ह्या गवतानं घेतलं. बाकीचं चाललं वाहून."

"धानाची बांधी फुटली का युरिया वाहून जाते, तसं," बाबुलाल म्हणाला.

"अगदी तसंच."

एवढंच बोलणं. तो गेलेल्या पाण्याकडं पाहत राहिला.

धान कापून झालं आणि थंडी पडली. तोवर बाकीचं सगळं कूप गावच्या बायांनी वेचून साफ केलं होतं. सरपण उरलं होतं ते फक्त निळ्या दोरीच्या आत, वर्षभर वाळून खडखडीत झालेलं. अशात एका सकाळी चंद्रभागाबाई आली. हातात कोयता, खांद्यावर दोर, डोक्यावर चुंबळ.

"काय गा बाबुलालभाऊ, बसला हायेस का?"

"हो."

"माही पोरगी बाळंतपणाले आली हाय. लेकरू आठ दिवसाचं नाई अजून. थंडी पाहून राहिला ना? दोन टाइम हंडाभर पाणी तापवा लागते. गॅसवर किती तापवू? समदं कूप हिंडून आली, एक काडी भेटली नाई."

"दोरीच्या अंदरचं नाई न्यायचं, वैनी."

"काहून?"

"मातीसाठी ठेवलं हाय."

चंद्रभागाबाईनं एकदा त्याच्याकडं आणि एकदा जमिनीकडं पाहिलं. "मातीले काय थंडी वाजून राहिली का?"

ती दोरीखालून वाकून एका चौकोनात शिरली. त्यानं ओरडायला पाहिजे होतं, योगेंद्रला फोन लावायला पाहिजे होता. तो खुंटावर बसून तिला फांद्या ओढताना, कोयत्यानं डहाळ्या छाटताना पाहत होता, जसा रस्त्यानं जाणारा माणूस दुसऱ्याच्या शेतातलं काम पाहतो. मोळी मोठी झाली. चंद्रभागाबाईनं दोर आवळला, मोळी उभी केली, आणि थांबली.

"आता पाहत काय राहिला? हात लाव ना."

तो उठला. दोरीच्या आत गेला. वाकून मोळीच्या बुडाशी हात घातला, गुडघ्यानं रेटा दिला, आणि एका दमात ती तिच्या चुंबळीवर ठेवली. जरा सरकवून तोल पाहिला आणि हात सोडले. हे सगळं त्याच्या हातांनी केलं. त्याला काही विचार करावा लागला नाही. चंद्रभागाबाई मान ताठ करून पायवाटेला लागली. तो परत खुंटावर येऊन बसला. ती पुढं बरेच दिवस येत राहिली, आणि तो रोज मोळी उचलून देत राहिला.

ह्या खेपेला रिता महिन्याभरानं आली, तेव्हा तो चौकोन जवळजवळ मोकळा झाला होता. ती दोरीजवळ उभी राहिली. आधी तिला वाटलं, आपणच चौकोन चुकलो. मग तिनं मागं वळून पाहिलं.

"काका, हे कोणी नेलं?"

"चंद्रभागाबाईनं."

"तुम्ही कुठं होतात?"

"इथंच होतो. म्याच उचलून देल्ली मोळी."

"का?"

बाबुलालनं खरंच थोडा विचार केला. "जड होती, मॅडम," तो म्हणाला.

रिताच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभराचं काम होतं तिचं. ती नाल्याकडं चालत गेली आणि तिकडंच बराच वेळ फोनवर बोलत राहिली. परत आली तेव्हा चेहरा ओढलेला होता. वरिष्ठांनी राखणदार बदलायला सांगितलं होतं. "मला वाईट वाटतंय काका," ती म्हणाली. बाबुलाल म्हणाला, "बरं."

गावात दुसरं माणूस शोधू लागले तर कोणी तयार होईना. तरणी पोरं कामाला बाहेरगावी, म्हातारे थंडीला भिणारे. तेव्हा चंद्रभागाबाईच पुढं आली. नातवंडाला महिना उलटून गेला होता, लेक सासरी जायला निघाली होती.

"मी राखते," ती म्हणाली.

योगेंद्र मोठ्यानं हसला. "वा! चोराच्या हाती किल्ल्या!"

"मग तूच बस तिथं. बसतोस का?" चंद्रभागाबाई म्हणाली. मग रिताकडं वळून म्हणाली, "मॅडम, मले गरज होती, म्या नेलं. आता गरज नाई. कोणती बाई कोण्या टाइमले, कोणत्या रस्त्यानं येते, हे मले मालूम हाय. तुमच्या काडीले कोणी हात नाई लावणार."

रितानं तिला काम दिलं. आणि तिनं ते केलं. लांबून एखादी बाई दिसली तरी ती अशी बोंब ठोके की नाल्यावरची पाखरं उडत. जुन्या मैत्रिणींशी तिचं भांडण झालं, तरी तिनं राखण सोडली नाही.

बाबुलाल मात्र दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखा कुपात गेला आणि खुंटावर बसला. काम त्याचं राहिलं नव्हतं, पण दुसरीकडं जायला जागाही नव्हती. चंद्रभागाबाईनं त्याला पाहिलं. दुपारी आपल्या डब्यातला भात अर्धा झाकणावर काढून त्याच्यापुढं सरकवला. मग ते रोजचंच झालं. लोक बोलले, तिनं मनावर घेतलं नाही, आणि त्याच्या मनापर्यंत काही पोचतच नव्हतं.

ती सत्यभामाबद्दल बोलत बसे. तिनं कुठल्या जत्रेत कसल्या बांगड्या भरल्या, तेंदूपत्ता तोडताना दोघींच्या पुढ्यात अस्वल कसं आलं, मनालीच्या वेळी तिला काय खावंसं वाटे. बोलता बोलता चंद्रभागाबाई रडे, पदरानं नाक पुसे, आणि तशातच कोणी पायवाटेवर दिसलं तर उठून ओरडे, "ए! तिकडून जा, तिकडून!"

एकदा तिनं सरळ विचारलं, "तुले रडू येत नाई का गा?"

"नाई."

"एकट्यानं बी?"

"नाई येत. पाहून घेतलं."

ती काडीनं जमीन उकरत राहिली. मग म्हणाली, "एक गोष्ट सांगू? तू कुपात झाड पाडायचा ना, तवा सत्यभामाचा जीव थाऱ्यावर नसे. झाड पडाचा आवाज आला का हातातलं टाकून उभी राहे आन् तुह्या नावानं हाक मारे. तू ओ देल्ली का मंग पुढची काडी उचले. दरेक झाडाले."

बाबुलालला त्या हाका आठवत होत्या. त्याला वाटायचं, मोळी उचलायला बोलावते, किंवा पाणी पाहिजे, किंवा उगाच. तो मान वर न करता नुसता "ओ" द्यायचा. पुष्कळदा चिडूनही.

"मले नाई सांगितलं कधी," तो म्हणाला.

"कायले सांगन?"

त्या दिवशी त्यानं झाकणावरचा भात खाल्ला नाही. दोरीजवळ जाऊन बराच वेळ उभा राहिला. चंद्रभागाबाईला वाटलं, आता फुटेल बांध. पण तो तसाच घरी गेला आणि दिवसाउजेडी झोपला. दुसऱ्या सकाळी खुंटावर हजर.

अशी आणखी दोन वर्षं गेली. तिसऱ्या थंडीत रितानं शेवटची माती काढली आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हिशेब घेऊन आली. कुपात सावलीला बसून तिनं दोघांना सांगितलं. जिथं फांद्या आणि पाला ठेवला होता, तिथं वरच्या मातीत कर्ब आणि नत्र जास्त राहिलं होतं. झाडलेल्या चौकोनांत कमी झालं होतं. खालच्या थरांत फरक दिसत नव्हता. "फरक थोडा आहे, पण आहे," ती म्हणाली. "पूर्ण भरून यायला किती वेळ लागतो ते तीन वर्षांत कळत नाही. नाल्यापलीकडं पाहिलं तर पंचवीस-तीस वर्षंही पुरी पडली नाहीत."

"आन् म्या नेलं तो चौकोन?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"तो सोडून द्यावा लागला. तो ना ह्यात बसतो, ना त्यात."

"मंग आता आमी काय करायचं? काड्या नाई न्यायच्या?"

"जाड फांद्या न्या," रिता म्हणाली. "पाला आणि बारीक डहाळ्या राहू द्या. खात्यालाही मी तसंच लिहिलंय. ऐकतील की नाही, माहीत नाही."

"पाला आमी कधी नेला बाप्पा? खराट्यानं झाडून तर तुमीच नेला," चंद्रभागाबाई म्हणाली, आणि रिता हसली.

बाबुलाल ऐकत होता. दोऱ्या सोडायला लागले तेव्हा त्यानं खुंट्या उपटून दिल्या. काम संपलं होतं. त्याच आठवड्यात मनाली स्वतः गाडी घेऊन आली आणि ह्या वेळी तिनं "येईन" ऐकून घेतलं नाही. त्याचे कपडे पिशवीत भरले, घराला कुलूप लावलं. चंद्रभागाबाई गाडीपर्यंत आली. "जाजो," ती म्हणाली. तो म्हणाला, "जातो."

कारध्याला मनालीचं घर वैनगंगेच्या काठापासून जवळ होतं. तिथंही तो ओट्यावर बसे. सांगितलेलं काम करी: दूध आण, नळ बंद कर, दाराला कडी घाल. जावई भला होता, त्याला त्रास नव्हता. मनाली बापाकडं पाही आणि आत जाऊन भांडी जोरानं घासे.

पावसाळा सरला तेव्हा एका रविवारी तिनं त्याला पुलापलीकडं भंडाऱ्याच्या बाजारात वांगी आणायला धाडलं. तो घेऊन आला. मनालीनं विळीवर पहिलं वांगं चिरलं, किडकं. दुसरं चिरलं, तेही. पिशवीत वरची चार-पाच चकचकीत होती आणि खाली सगळा सडका माल भरला होता. "राहू द्या बाबा, डाळ करते," ती म्हणाली.

बाबुलाल वांग्यांकडं पाहत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी पाहून राहिलो, आन् त्यानं माह्या डोळ्यादेखत भरली," तो म्हणाला. आवाज चढला. "मले आंधळा समजला का तो?" त्यानं चिरलेल्या फोडींसकट सगळं पिशवीत कोंबलं, चपला घातल्या आणि तरातरा पुलाच्या दिशेनं निघाला. मनाली विळी तशीच सोडून दारात आली. बापाची पाठ वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली.

दुपारी तिनं चंद्रभागाबाईला फोन लावला.

"मावशी, बाबा भांडून आले."

"कोणासंगं?"

"वांगेवाल्यासंगं. पिशवी त्याच्या मालावर उपडी केली म्हणे. माणसं जमली. दुसरी वांगी घेऊन आले, एकेक हातानं निवडून."



"जेवला का मंग?"

"जेवले," मनाली म्हणाली. "भाजीत मीठ कमी हाय म्हणले."